मेळाव्यातली साक्ष

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा वार्षिक मेळावा नाताळानंतरच्या थंडीत भरतो. स्वागतगीत, अहवाल, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, सगळं ठरल्याप्रमाणे उरकतं. मी वाट पाहते ती भजनांची. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. म्हणून तर आमच्याकडे अजून टाळ वाजतात, कीर्तन रंगतं.

मग साक्षी, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. दारू सुटल्याच्या, नोकरी लागल्याच्या पुष्कळ ऐकल्या. मनात घर केलं ते एका आजींच्या साक्षीनं. माईकपासून हातभर लांब उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा झाला, पन भेव काई गेलं नाई. नातू तापला का माह्या हाती मीठ-मोहऱ्या येतेतच. मारबतीच्या मिरवनुकीले लोकं 'इडा पिडा घेऊन जा' म्हनतेत, तं माह्याबी तोंडून निंगते. प्रभूले खोटं कायले सांगू?"

मागे कुजबुज झाली, 'यांना कुणी उभं केलं?' मला फार राग आला. पाळकसाहेबांनी मात्र बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक उघडलं. याकोबाची बायको राहेल बापाच्या घरचे देव उंटाच्या खोगिरात लपवून वर बसली, तो 31वा अध्याय. याकोबानं घरच्यांकडचे परके देव शखेमजवळ झाडाखाली पुरले, तो 35वा. "मधल्या वाटेवर आपण सगळेच आहोत, आजी," ते म्हणाले. मी तेव्हा डोळे पुसले होते.

तसं पाहिलं तर आमच्याही घरांतून मुहूर्त पाहून बोलणी होतात, नव्या गाडीला लिंबू-मिरची लागते. लपवलं म्हणून ती भीती जात नाही. आणि ती घालवायची म्हणजे शेजाऱ्यांच्या श्रद्धेला नावं ठेवायची, हेही मला पटत नाही. 1845 मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉपांनी गोंड आदिवासींच्या लिंगो या देवपुरुषाची गाथा लिहून घेतली, त्यांच्यामागे 1866 मध्ये ती छापली गेली. धर्मप्रसाराला आलेला माणूस दुसऱ्याचे देव इतक्या मन लावून ऐकतो, याचा मला अभिमान वाटतो.

राबणाऱ्यांचे आभार मानायचेच आहेत. पहाटे तर्री-पोह्यांचं बघणारी तरुण संघाची पोरं, दोनशे पोळ्या लाटणाऱ्या महिला मंडळाच्या मावश्या, पेटीवाले गुरुजी, तबल्यावरचा त्यांचा भाचा, सतरंज्या उसन्या देणारे शेजारचे काका, जनरेटरवाला दादा, संडे स्कूलच्या ताई, आजींना रिक्षातून उतरवून घेणारा आमचा चौकीदार, आणि चपला सांभाळणारी त्याची मुलगी.

दरवर्षी खटकतं ते एकच. जेवणाच्या पंगतीत माणसं मावत नाहीत आणि साक्षीच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. यंदा कमिटीला मी लेखी कळवलं आहे: साक्षी आधी घ्या, जेवण नंतर. आजी आता थकल्या आहेत, पण येते म्हणाल्या आहेत.