तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी आयटीत यावं का?

ओळखीतली आयटीवाली पोरं फोन करून हेच विचारतात, की सरकारी प्रोजेक्टवर यावं का, तिथे खरंच काम असतं की नुसता चहा. काम असतं हो, भरपूर असतं. पण आत कुठल्या दाराने येताय ते आधी बघा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच ठरतं.

एक दार एनआयसीचं, म्हणजे नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर, केंद्र सरकारची आयटी संस्था. १९७६ची, जिल्ह्याजिल्ह्यात ऑफिस. सायंटिस्ट-बी ह्या पदावर लागलात तर पगाराची लेव्हल १०, बेसिक महिना ५६,१०० पासून, आणि वरची जागा रिकामी नसली तरी प्रमोशन होऊ शकतं, जे बाकी सरकारात सहसा होत नाही. फक्त जाहिरात निघायची वाट बघत बसायची तयारी हवी.

दुसरं दार कंत्राटाचं, मला भेटलेले बहुतेक जण इथूनच आलेत. टेंडर एजन्सीला मिळतं, एजन्सी तुम्हाला घेते, आणि बसता तुम्ही खात्याच्या ऑफिसात. पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा, रजेचा अर्ज दोघांकडे फिरतो. टेंडरमध्ये लिहिलेलं असतं बीई किंवा एमसीए, इतकी वर्षं अनुभव, त्यावर सीव्हीला मार्क. मग कागदावर बसणारा माणूस येतो, काम येणारा येईलच असं नाही.

आता काम कसलं असतं बघा. कऱ्हाडे आडनाव घ्या. ते अर्धं र टाइप करायचे दोन रस्ते आहेत, एक खाली नुक्ता असलेल्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक टाकून. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, डेटाबेसला मात्र दोन वेगळी माणसं. जमिनीचा खातेदार आधीचा सातबारा उतारा हातात घेऊन काउंटरवर उभा आणि सर्च म्हणतो रेकॉर्ड नाही. आम्ही सगळे सर्व्हरचे लॉग उपसत बसलो होतो, आणि ही भानगड पकडली ती आधी तहसीलमध्ये डेटा एंट्री केलेल्या एका डिप्लोमावाल्या मुलीने. तिला डेव्हलपर म्हणून दाखवता येत नव्हतं, टेंडरमध्ये बीई लिहिलंय ना! मुलाखत माझ्या हातात असती तर पहिला प्रश्न ह्या कऱ्हाडेंचाच विचारला असता.

बाकी वातावरण म्हणाल तर माणसं चांगली असतात. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, मेलवर घ्यायचं, कारण साहेबांची बदली झाली की नवे साहेब विचारणार हे कोणी सांगितलं. सिक्युरिटी ऑडिट सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) पॅनेलवरच्या ऑडिटरकडून झाल्याशिवाय साइट लाइव्ह नाही, आचारसंहिता लागली की उद्घाटन लटकलं, आणि तारीख तयारी बघून नाही, मुहूर्त बघून ठरते. डिजिटल सहीचा सातबाराही २०१८ला १ मे गाठूनच सुरू झाला होता. पण गावातला माणूस तलाठ्याकडे खेटे न घालता मोबाईलवर उतारा काढतो तेव्हा बरं वाटतं, हे खोटं नाही, खाजगीत मला ते कधी मिळालं नाही.

यायचं ठरलंच तर ऑफर लेटरवर सही करायच्या आधी पीएफ कोण भरणार आणि टेंडर कधी संपतंय एवढं विचारून घ्या. एचआर म्हणेल, दरवेळी रिन्यू होतं हो. होतंही. पण बरेचदा नव्या एजन्सीच्या नावाने, नवीन ऑफर लेटर, खुर्ची तीच आणि पगारही जुनाच.