पोटगीचा आदेश मिळाला, आता वसुली: माझा अनुभव

पोटगीचा आदेश हातात आला की सुटलो असं वाटतं. पण आपल्याकडे वडिलांच्या पगारातून पैसे कापून दरमहा मुलाच्या खात्यात टाकणारं कुठलंही सरकारी खातं नाही. पैसे थकले की पुन्हा अर्ज आपणच करायचा, आणि त्यालाही मुदत आहे. मुलीच्या पोटगीसाठी मी अर्जापासून वसुलीपर्यंत सगळं केलं. त्यातलं जे दुसऱ्या आईच्या कामी येईल तेवढंच लिहिते.

१ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आपण सध्या राहतो तिथे अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मुलाला वेगळा अर्जदार करा, ‘अज्ञान तर्फे अ.पा.क. आई’ (म्हणजे अल्पवयीन मुलातर्फे त्याची पालनकर्ती आई) असं लिहून, आणि त्याची रक्कमही वेगळी मागा. पुढे तडजोडीत बाईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क जात नाही, पण आदेशात एकच गोळा रक्कम असेल तर त्यातली मुलाची किती यावर वर्ष निघून जातं.

वकिलाच्या फीसाठी अडून राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणात बाईला कोर्ट फीही माफ आहे.

खरी मेहनत प्रतिज्ञापत्रावर घ्या. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठराविक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलं आहे. मुलाचा खर्च तिथे महिन्याच्या हिशोबात लिहावा लागतो. वार्षिक फी ३०,००० असेल तर महिन्याला २,५००, शिवाय रिक्षा, वह्या-पुस्तकं, दूध, दवाखाना, घरभाड्यातला मुलाचा वाटा. प्रत्येक आकड्यामागे पावती जोडा. फुगवलेला एक आकडा उलटतपासात सापडला की बाकीचे खरे आकडेही संशयात येतात. स्वतःची नोकरी लपवू नका. आई कमावती असली म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, फक्त खर्चाची वाटणी होते.

समोरचा पगाराची चिठ्ठी देत नसेल तर कंपनीने ती हजर करावी म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज द्या. धंदा असेल तर दुकानाचा फोटो, गाडीचा नंबर, कर्जाचे हप्ते, भाडेकरू, जे ठाऊक असेल ते लेखी द्या.

पहिली अडचण समन्सची. ‘दार बंद’, ‘गावी गेले’ असे शेरे येत राहतात आणि तारखा पडत राहतात. घरासोबत कामाचा पत्ता सुरुवातीलाच द्या, व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर बजावणीची परवानगी मागा. मुद्दाम टाळतोय हे कोर्टाला पटलं तर एकतर्फी आदेश होऊ शकतो, पण योग्य कारण दाखवलं तर तो तीन महिन्यांच्या आत उठवून घेता येतो. अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी ही मागणी अर्जातच ठेवा. त्याच २०२०च्या निकालाचा तिला आधार आहे.

आदेश झाला की त्याची नक्कल कोर्टातून विनामूल्य मिळते, ती लगेच घ्या. आपला खाते क्रमांक पुरशीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन रेकॉर्डवर आणा. रोख घेऊ नका. घ्यावीच लागली तर पावतीवर महिना आणि रक्कम दोन्ही लिहा. आणि पहिल्या दिवसापासून थकबाकीचा तक्ता ठेवा. माझ्या वहीत पाच रकाने होते: महिना, देय, जमा, जमेची तारीख, बाकी. समजा ६,००० रुपयांचा आदेश अर्जापासून लागू झाला आणि मध्ये १४ महिने गेले, तर ८४,००० देय. २०,००० आले की बाकी ६४,०००. इतकं साधं गणित नसल्यामुळे अर्ज परत येतात, कारण समोरचा ‘वाढदिवसाला सायकल दिली’ म्हणतो आणि कोर्टाला आकडा लावायला कागद मिळत नाही.

मुदत एक वर्षाची. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. पैशाचा हक्क बुडत नाही, पण हा झटपट रस्ता बंद होतो. ‘देईल, देईल’ म्हणत १६ महिने थांबणाऱ्या बायका मी कोर्टाच्या बाकावर पाहिल्यात. दर सहा महिन्यांनी नवा अर्ज टाका.

वॉरंट निघालं की त्याचा जावक क्रमांक टिपून घ्या आणि ज्या पोलीस ठाण्याकडे गेलं तिथे आठवड्याने विचारा. नाहीतर तारखेला ‘मिळून आले नाहीत’ एवढा अहवाल येतो. त्याच्या ड्युटीची वेळ आणि गाडीचा नंबर लिहून अर्ज दिलात तर पुन्हा वॉरंट मागायला आधार राहतो. कैद थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी जास्तीत जास्त एक महिना, आणि कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही. वॉरंटच्या धाकाने तो थोडे पैसे भरून तारीख मागेल. पैसे घ्या, पण उरलेली बाकी आणि पुढची तारीख रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहवून घ्या.

नोकरदार असेल तर पगारावर टाच आणायची मागणी करा. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो, बाकीवर हात घालता येतो. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण सुरू असेल तर २००५च्या कायद्याचं कलम २०(६) आठवणीने वापरा. त्याखाली मालकानेच पगारातून रक्कम थेट तुम्हाला द्यावी असा आदेश न्यायदंडाधिकारी करू शकतात.

शाळा बदलली, फी वाढली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते, नव्या पावत्या जोडून. धडधाकट मुलाची कलम १४४ची पोटगी १८ वर्षांपर्यंतच आहे. हिंदू मुलगी अविवाहित असेल आणि स्वतःचं भागवू शकत नसेल तर १९५६च्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली पुढेही मागता येते, पण तो दावा वेगळा. मुलीचे १७ पूर्ण झाले की त्याची तयारी सुरू करा.