तुम्ही विचारलंत म्हणून : अमेरिकेतले कृष्णवर्णीय गरीब का?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला भारतातून आलेले पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात. ‘आपली मुलं दोन बॅगा घेऊन आली आणि दहा वर्षांत घर घेऊन बसली. हे लोक तर इथलेच. भाषा येते, नागरिकत्व आहे. मग गरीब का? आळस, व्यसनं, पोरं टाकून जाणारे बाप, की खरंच अन्याय झालाय?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. तरीही प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी आकडे. २०२३ साली चार जणांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साधारण ३०,९०० डॉलरच्या खाली असेल तर सरकारी हिशेबात ते गरीब. या मापाने कृष्णवर्णीयांतले १७.९ टक्के गरीब होते आणि गोऱ्यांतले ७.७ टक्के. डोकी मोजली तर मात्र गरीब गोरे दीड कोटीच्या आसपास, गरीब कृष्णवर्णीय सुमारे ऐंशी लाख. म्हणजे ‘गरीब म्हणजे काळा’ हे समीकरण इथेच मोडतं.

दुसरं असं की उत्पन्न आणि संपत्ती या दोन गोष्टींची आपण सरमिसळ करतो. मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाचं (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, अशा मधल्या कुटुंबाचं) उत्पन्न मध्यम गोऱ्या कुटुंबाच्या रुपयाला दहा आणे पडतं. संपत्ती मात्र रुपयाला जेमतेम अडीच आणे: २०२२ मध्ये ४४,९०० डॉलर, समोर २,८५,०००. वैयक्तिक निवडींचा वाद घालायचाच तर तो उत्पन्नापुरता घालता येतो. संपत्तीची दरी कायद्याने आणि सरकारी नियमांनी पाडली, आणि तिची कागदपत्रं आजही उपलब्ध आहेत.

इथल्या मध्यमवर्गाची संपत्ती म्हणजे मुख्यतः राहतं घर. १९३० च्या आधी घरासाठी कर्ज घ्यायचं तर निम्मी रक्कम रोख लागायची, मुदत पाच-दहा वर्षं, आणि शेवटी मुद्दल एकरकमी फेडायचं. १९३४ मध्ये एफएचए ही सरकारी संस्था निघाली. तिने स्वतः कर्ज दिलं नाही, बँकांच्या कर्जाला विम्याची हमी दिली. त्या हमीवर बँका वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीने आणि थोड्याशा डाउन पेमेंटवर कर्ज देऊ लागल्या. पगारदार कामगार घरमालक झाला तो असा. पण घराची किंमत ठरवणाऱ्यांसाठी एफएचएची जी नियमपुस्तिका होती, तिच्यात वस्तीत ‘वेगळ्या वंशाचे’ लोक येणं हा कर्जाचा धोका धरला होता. कृष्णवर्णीय वस्तीला हमी नाही, आणि गोऱ्या वस्तीत त्यांना शिरकाव नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊनमध्ये १९४७ नंतर सतरा हजारांवर घरं उठली, काही ७,९९० डॉलरला. सुरुवातीच्या करारात अटच होती की गोऱ्यांशिवाय कोणी राहायचं नाही. घरचा नोकर असेल तर चालेल.

याच काळात शहरातल्या वस्त्यांना कर्जाच्या धोक्याप्रमाणे रंग देणारे नकाशे निघाले, सर्वांत धोक्याची वस्ती लाल; त्यांची खूप चर्चा होते. रिचमंड विद्यापीठाने ते ऑनलाइन ठेवलेत, जरूर बघा. पण सगळं पाप नकाशाच्या माथी मारू नका. ते काढणाऱ्या एचओएलसी या दुसऱ्या सरकारी संस्थेने आपली बहुतेक कर्जं नकाशे तयार होण्याआधीच वाटली होती, त्यात कृष्णवर्णीयांनाही दिली होती. शिवाय लाल पट्ट्यात राहणारी बहुसंख्य माणसं गोरीच होती. फरक इतकाच, की गोरा माणूस तिथून उठून दुसरीकडे जाऊ शकत होता.

ज्याला बँक दारात उभी करत नाही त्याने घर कसं घ्यायचं? शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल भागात १९५० आणि ६० च्या दशकांत ते असं व्हायचं. दलाल आधी गोऱ्या मालकाला घाबरवायचा, ‘काळे येतायत, भाव पडणार’, आणि घर स्वस्तात घ्यायचा. मग तेच घर चढ्या भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांवर द्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर राहायला जायचं साठेखतावर आणि खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर मालकी दलालाची. घरपट्टी आणि दुरुस्ती मात्र राहणाऱ्याकडे. वीस वर्षांच्या मुदतीत अठराव्या वर्षी हप्ता चुकला तरी घर जायचं आणि भरलेल्यातला छदामही परत मिळायचा नाही. दलाल तेच घर पुढच्या कुटुंबाला विकायला मोकळा.

हिशेब मांडून बघू. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात शिकागोतल्या अशा घरांची किंमत सरासरी ८४ टक्के फुगवलेली निघाली. व्याजदर आणि मुदती मी उदाहरणासाठी धरतो. घराची खरी किंमत १०,००० डॉलर. गोऱ्याने हजार रोख दिले, नऊ हजारांचं कर्ज ५ टक्क्यांनी पंचवीस वर्षांसाठी काढलं. हप्ता ५३ डॉलर. कृष्णवर्णीय कुटुंबाला तेच घर १८,४०० ला. त्यांनीही हजार रोख दिले, उरलेल्या १७,४०० वर ७ टक्के, वीस वर्षं. हप्ता १३५ डॉलर. वरचे ८२ डॉलर आणायचे कुठून? नवरा दोन पाळ्या करतो, बायको कामाला जाते, एका घरात पार्टिशन घालून दोन भाडेकरू ठेवतात, छप्पर गळतं ते पुढच्या वर्षावर ढकलतात. पोरं दिवसभर रस्त्यावर. बाहेरून बघणारा म्हणतो, ‘या लोकांना घर नीट ठेवता येत नाही, पोरांकडे लक्ष नाही.’ त्या अभ्यासानुसार दोन दशकांत शिकागोतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे यात तीन ते चार अब्ज डॉलर गेले. ही सगळी माणसं कष्ट करून घर घेणारी होती; आपण ज्याला चांगली निवड म्हणतो तीच त्यांनी केली होती. वांशिक भेदाला बंदी करणारा घरांचा कायदा १९६८ मध्ये आला, पण तोवर एका पिढीचं मुद्दल गेलं होतं.

आता उत्पन्नाकडे येऊ. शाळा पूर्ण करा, पूर्णवेळ नोकरी धरा, लग्न करा आणि मग मूल होऊ द्या, असा एक क्रम इथे नेहमी सांगितला जातो. तो पाळणाऱ्या तरुणांपैकी सुमारे ९७ टक्के गरिबीबाहेर असतात. आकडा खरा आहे, आणि सल्ला म्हणून मी तो कोणत्याही मुलाला देईन. पण त्यातली मोठी मदार पूर्णवेळ नोकरीवर आहे, आणि ती दुसऱ्याने द्यावी लागते. मिलवॉकी शहरात २००१ मध्ये एका प्रयोगात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीचे अर्ज घेऊन पाठवले. गुन्ह्यांच्या बाबतीत पाटी कोरी असलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं. कोकेनच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाल्याचं सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के. पाटी कोरी असलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के, आणि तुरुंगवास सांगणाऱ्यांना फक्त ५. चूक एकच, पण दंड सारखा नाही. अर्थात सगळ्या कंपन्या सारख्या नसतात: अलीकडे मोठ्या कंपन्यांना ८३,००० बनावट अर्ज पाठवून पाहिलं, तेव्हा जवळपास निम्मा भेदभाव एक-पंचमांश कंपन्यांतच सापडला.

दोन्ही बाजूंना अडचणीत आणणारी एक गोष्ट सांगतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोन कोटी मुलांच्या नोंदी तपासल्या. सारख्या उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलींची मोठेपणीची कमाई जवळपास सारखी निघाली. मुलग्यांची मात्र नाही, श्रीमंत घरांतल्यांचीही नाही. घरचे संस्कार हेच कारण असतं तर बहिणीही मागे पडल्या असत्या. आणि नुसता वर्ण आडवा येत असता तरीही पडल्या असत्या. या निष्कर्षावर जो चटकन ठाम बोलतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि ‘आपल्या मुलांचं’ काय? १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला कोटा गेला आणि शिकलेल्यांना दार उघडलं. आपले डॉक्टर-इंजिनिअर निवडून, चाळणी लावून आले. शिक्षणाचा बराच खर्च भारतातल्या करदात्याने केला होता. बॅगा दोनच होत्या, पण त्यांतली पदवी मोजायची राहून जाते. त्याआधी कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी काय कमी कष्टाळू होते? १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, आणि राज्याच्या कायद्याने अशांना शेतजमीन घेता येईना. मग जमिनी ओळखीच्यांच्या नाहीतर इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर. नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये किलकिलं झालं.

‘मग हे गरीब कृष्णवर्णीय चांगल्या वस्तीत का जात नाहीत?’ हा पुढचा प्रश्न. सरकारी भाडेमदत घेणारी कुटुंबं ती मदत घेऊनही गरीब वस्तीतच राहतात, हे खरं आहे, आणि ही त्यांचीच पसंती असं बरीच वर्षं मानलं गेलं. सिएटलमध्ये चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना जादा साहाय्य दिलं: घरमालकांशी बोलणारा माणूस, अनामत रकमेला हातभार, अर्ज भरून देणं. कुटुंबामागे खर्च तीन हजार डॉलरच्या आत. साहाय्य नसलेल्यांपैकी १५ टक्के चांगल्या वस्तीत गेले, साहाय्य मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. भाडेमदत दोन्ही गटांना सारखीच होती.