गॅलरीत ओढलेल्या सिगारेटचा धूर

नाशिकच्या सिडको आणि इंदिरानगर भागातल्या अनेक घरांत मी एकच वाक्य ऐकत आले आहे : "आम्ही मुलांसमोर ओढत नाही, गॅलरीत जाऊन ओढतो." बोलणाऱ्याच्या मनात मुलांविषयी काळजीच असते, म्हणून या समजुतीबद्दल स्पष्ट लिहावेसे वाटते.

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. फॉर्माल्डिहाइड, बेंझिन, आर्सेनिक, कॅडमियम यांसारखी त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटचे टोक नुसतेच धुमसत राहते. त्या वेळी ज्वलन कमी तापमानावर आणि अपुरे होत असल्यामुळे, तिथून थेट हवेत मिसळणाऱ्या धुरात यांपैकी बऱ्याच विषारी द्रव्यांचे प्रमाण ओढणाऱ्याने घेतलेल्या धुरापेक्षाही जास्त असते. घरातल्यांच्या वाट्याला मुख्यतः हाच धूर येतो.

लहान मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांच्या शरीरात अधिक धूर जातो. वारंवार होणारा ब्राँकायटिस, न्यूमोनिया, मधल्या कानाचा संसर्ग, दम्याचे वाढलेले झटके, फुप्फुसांची खुंटलेली वाढ हे सगळे त्यातून घडते. तान्ह्या बाळाच्या झोपेतील अकस्मात मृत्यूचा धोकाही वाढतो, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

गॅलरीचे दार उघडताच वाऱ्याबरोबर धूर आत येतो. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत रात्रभर खिडक्या बंद असतात, तेव्हा तो लवकर बाहेरही पडत नाही. शिवाय निकोटिन आणि इतर द्रव्ये पडद्यांवर, सोफ्याच्या कापडावर, ओढणाऱ्याच्या शर्टावर बसून राहतात. रांगणारे मूल तोच सोफा धरून उभे राहते आणि तीच बोटे तोंडात घालते. पंखा किंवा अगरबत्ती लावल्याने वास कमी जाणवेल, पण ही द्रव्ये जात नाहीत. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2006 च्या अहवालाने तर दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नसल्याचे स्पष्टच म्हटले आहे.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू आहेत, पण घराच्या उंबरठ्याआत कायदा येत नाही. तिथला निर्णय घरच्यांनीच घ्यायचा आहे : घरात नाही, गॅलरीत नाही, मूल बसलेल्या गाडीतही नाही. सोडण्याची इच्छा असूनही जमत नसेल, तर 1800-11-2356 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर निःशुल्क समुपदेशन मिळते.