अण्णांच्या हाताची कातडी

दीड वर्ष झालं त्या गोष्टीला. रक्ततपासणीनंतर अण्णांच्या हातावर कापूस दाबून चिकटपट्टी लावलेली होती. संध्याकाळी घरी मीच ती काढली. स्वतःच्या हातावरची काढतो तशीच, एका टोकाला धरून, झटक्यात. पट्टीबरोबर कातडीही आली. कोपराच्या लवणीखाली दोन बोटं रुंद पापुद्रा उचकटला आणि खालचं लाल, ओलं मांस दिसायला लागलं. अण्णा ओरडले नाहीत. "अरे, हळू," एवढंच म्हणाले. त्यांचं वय तेव्हा ८५ होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यांनी जखम बांधली त्या नर्सताईंनी पापुद्रा कापून टाकला नाही. आधी सलाइनने जखम धुतली, मग ओल्या कापसाच्या काडीने तो पापुद्रा हळूहळू पसरवत, जिथे होता तिथेच परत बसवला, आणि वर न चिकटणारी पट्टी ठेवून सैलसर गुंडाळलं. जाताना म्हणाल्या, "काका, ह्या वयात कातडी सांभाळायची असते. रोज." तीन आठवड्यांत जखम भरली. तो 'रोज' मात्र माझ्या डोक्यात बसला.

मग मी वाचायला लागलो. कातडीचे वरचा आणि आतला असे दोन थर असतात, आणि तरुणपणी ते एकमेकांत गुंतलेले असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढून पाहा, सहज सुटत नाहीत. वय वाढतं तशी ही गुंतवण सपाट होत जाते, तळहातावर तळहात ठेवल्यासारखी. मग बाजूने जरासा ताण बसला तरी वरचा थर सरकतो. चिकटपट्टी, घड्याळाचा पट्टा, खुर्चीचा कोपरा, आधाराला धरलेला आपलाच हात, कशानेही. अण्णांच्या हातावर जांभळे डाग उठायचे त्याचंही कारण हेच होतं. उन्हाने आणि वयाने आतला थर विरळ होतो, बारीक रक्तवाहिन्यांना आधार उरत नाही, साध्या घासण्यानेही त्या फुटतात. आम्ही दरवेळी "कुठे आपटलात?" म्हणून त्यांना विचारायचो. ते कुठेही आपटलेले नसायचे.

मी ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आमच्या उमेदवारीच्या काळात ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायच्या, आणि चूक झाली की ब्लेडच्या कडेने शाई खरवडून काढायची. ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं, दाब शून्य, नाहीतर कागद फाटला आणि आठवड्याचं काम गेलं. अण्णांची दाढी करायची वेळ आली तेव्हा हाताला ते सगळं आठवलं. त्यांचे हात थरथरतात, म्हणून आता दाढी मी करतो, एक दिवसाआड. आधी आंघोळ, म्हणजे केस मऊ पडतात. मग कोमट पाण्यात पिळलेला छोटा टॉवेल दोन मिनिटं गालावर. मग भरपूर क्रीम. सैल पडलेला गाल डाव्या हाताने कानाकडे ओढून सपाट करायचा आणि रेझर केसांच्या दिशेनेच फिरवायचा. उलटी दाढी करायचीच नाही. एका जागेवरून एकदाच. चार-पाच दाढ्या झाल्या की ब्लेड बदलायचं, कारण बोथट ब्लेड दाब मागतं. अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यामुळे बारीक चीरही बराच वेळ वाहते. दाढीनंतर लावायचं झोंबणारं लोशन बंद केलं. अण्णांना त्याचा वास आवडायचा, म्हणून मला वाईट वाटलं. पण त्यातलं अल्कोहोल कातडी आणखी सुकवतं.

खरा फरक पडला तो आंघोळीत. कडकडीत पाणी आणि डोक्यापासून पायापर्यंत साबण, ही अण्णांची साठ-सत्तर वर्षांची सवय. कातडीच्या अगदी वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हे स्निग्ध पदार्थ. म्हातारपणी हा चुना कमी तयार होतो, तेलग्रंथीही मंदावतात. त्यावर गरम पाणी आणि साबण म्हणजे उरलेला चुनाही धुऊन काढणं. शिवाय कातडीचा पृष्ठभाग थोडा आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास, आणि साध्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे उलट, अल्कधर्मी. तरुण कातडी त्यातून लवकर सावरते, म्हाताऱ्या कातडीला वेळ लागतो.

म्हणून आम्ही काय केलं, तर पाणी कोमट. साबणाऐवजी बिनवासाचा सौम्य सिंडेट बार (दिसायला साबणाच्या वडीसारखा, पण साबण नसलेला), तोही फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्याच ठिकाणी. बाकी अंगाला नुसतं पाणी. पहिले चार दिवस अण्णांना वाटत राहिलं की आंघोळ झालीच नाही. "हा काय प्रकार, फेस कुठे आहे?" मी म्हटलं, "अण्णा, महिनाभर करून बघा, नाही पटलं तर साबण परत देतो." तो परत मागायची वेळ आली नाही. अंगाचा वास येत नाही, कातडीचा कोंडा पडत नाही, आणि मुख्य म्हणजे रात्री दोनला उठून नडग्या खाजवणं थांबलं. घासणी मी फेकून दिली. अंग पुसायचं नाही, टिपायचं. ताज्या शाईवर टीपकागद ठेवतो तसा टॉवेल ठेवायचा, दाबायचा आणि उचलायचा.

अंग अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम. ह्याला उशीर करायचा नाही, कारण क्रीम लावतो ते मुख्यतः आत असलेलं पाणी अडवायला. ग्लिसरीन किंवा युरिया पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. पातळ लोशनमध्ये पाणीच जास्त, म्हणून फार कोरड्या कातडीला घट्ट क्रीम बरं. जेली अर्थातच चिकट, कपड्यांना लागते, पण रात्री टाचांना आणि कोपरांना तिच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

किती लावायचं ह्याचं एक माप आहे, आणि मापं आवडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते सापडल्यावर फार बरं वाटलं. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे एक माप, साधारण अर्धा ग्रॅम. तेवढी दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. एका हाताला अशा तीन, पंजाला एक, पायाला सहा, पावलाला दोन. मोजून पाहिल्यावर कळलं, आधी मी ह्याच्या पावपटही लावत नव्हतो. लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली, रगडायचं नाही. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात लावायचं नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात. आणि तळव्यांना लावलं तर मोजे चढवल्याशिवाय अण्णांना उठू द्यायचं नाही. ह्या वयात घसरून पडणं हे कोरड्या कातडीपेक्षा कितीतरी वाईट.

हे सगळं सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा. दोनदा का, तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या १४ वृद्धनिवासांत झालेल्या एका अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, हातापायांना दिवसातून दोनदा साधं, बिनवासाचं क्रीम लावलेल्या लोकांमध्ये कातडी फाटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी आढळलं. महागडं काही नव्हतं त्यात. मी ते वाचलं आणि ती चिकटपट्टी आठवली. आधी कुणी सांगितलं असतं तर?

चिकटपट्टी आता लागलीच, तर सिलिकॉनची मागून घेतो, किंवा नुसती गॉझपट्टी गुंडाळा म्हणून सांगतो. काढताना कडेला थोडं तेल लावून मुरू देतो, एका हाताने कातडी दाबून धरतो आणि पट्टी वर न उचलता कातडीलगत मागे दुमडत नेतो. अर्धं मिनिट जास्त लागतं.

आता माझ्याबद्दल. अण्णांची दाढी करताना आरशात आम्ही दोघं दिसतो, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की माझा डावा गाल उजव्यापेक्षा म्हातारा आहे. डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या डावीकडे खोल, डाग डावीकडे जास्त. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. उजव्या हाताने काढणाऱ्याचा ड्रॉइंग बोर्ड असा ठेवतात की उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. ३४ वर्षं माझ्या डावीकडे मोठी खिडकी होती. काच बंद असायची, म्हणून ऊन लागतंय असं कधी वाटलंच नाही. पण उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काच अडवते ती मुख्यतः यूव्हीबी, जी कातडी भाजतात. यूव्हीए बरीचशी आत येतात आणि खोलवर जाऊन कोलेजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडत राहतात. २०१२ साली एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापला होता. खिडकीकडची बाजू सुरकुत्यांनी भरलेली, दुसरी कितीतरी तरुण. तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो.

तर साठीला टेकल्यावर मी रोज सनस्क्रीन लावायला सुरुवात केली. आता काय उपयोग, असं मलाही वाटलं होतं. पण ऑस्ट्रेलियातल्याच नॅम्बर ह्या गावात १९९२ ते १९९६ दरम्यान झालेल्या प्रयोगात, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या लोकांची कातडी साडेचार वर्षांत, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झालेली दिसली. ते सगळे ५५ च्या आतले होते, मी नाही. तरी पुढची वर्षं तर अजून यायची आहेत. एसपीएफ (बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा) ३० किंवा वर, यूव्हीएपासूनही संरक्षण देणारं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर दोन लांब रेघा. कानाच्या पाळ्या आणि हाताच्या पाठी हमखास विसरतात, त्या विसरायच्या नाहीत. बाहेर असलो तर दर दोन तासांनी परत.

रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात ते अ जीवनसत्त्वाचं एक रूप, आमची ही वापरते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांच्या कातडीतलं कोलेजन फार झपाट्याने कमी होतं, आणि तिला ते अगदी जाणवलं होतं. ती म्हणाली, "अहो, तुम्हीही लावून बघा, पण आठवड्यातून दोनदाच, वाटाण्याएवढं." मी रोज लावलं. आठवड्यात नाकाच्या बाजूची सालं निघाली, साधं पाणीही झोंबायला लागलं. महिनाभर सगळं बंद, फक्त क्रीम. आता दोनदाच, रात्री, क्रीमवरून. नवीन काही आणलं की आधी हाताच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघतो. अण्णांना मी रेटिनॉल लावत नाही आणि लावणार नाही. त्यांच्या कातडीला सुरकुत्यांचं दुःख नाही, तिला फाटू द्यायचं नाही एवढंच काम आहे.

एक गोष्ट मात्र मोठ्या आवाजात सांगायची आहे. दाढी करताना अण्णांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. बघून काहीच कळत नव्हतं, बारीक पॉलिश पेपरसारखं नुसतं हाताला लागायचं. खपली धरायची, पडायची, परत धरायची. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, उन्हाने झालंय, ह्यातून पुढे कधीकधी कॅन्सर होऊ शकतो, आताच काढलेलं बरं. द्रव नायट्रोजनने गोठवून पाच मिनिटांत काढलं. रोज कुणीतरी हात लावत होतं म्हणून ते सापडलं. न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, परत परत धरणारी खपली, हे घरी क्रीम लावून बघत बसायचं नाही. तसंच नीट क्रीम लावूनही खाज दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही तर तपासून घ्या. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, किंवा चालू असलेलं एखादं औषध, कारण कशातही असू शकतं.

आता आंघोळ झाली की अण्णा खुर्चीत बसतात आणि मी सांगायच्या आत बाही कोपराच्या वर सरकवून हात पुढे करतात. लवणीखाली तो व्रण अजून आहे, फिकट, अर्ध्या बोटाएवढा. बाकी हाताला लावून झालं की तिथे सगळ्यात शेवटी, एका बोटाने लावतो.