गिरोनाची रानवाट आणि आमच्या पाणंदी

गावाकडं मामाला सांगितलं की स्पेनला जाऊन मातीच्या रस्त्यांवर सायकल चालवून आलो, तर त्यानं तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, "आरं मग हितं काय समदं डांबरी हाय व्हय? आपल्या पाणंदीतनं चालवायचीस की, इमानाचं पैसं तरी वाचलं असतं."

मामाचं म्हणणं अगदीच चूक नाही म्हणा. ग्रॅव्हल बाईक म्हणजे काय, तर रोड बाईकसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, 40-45 एमएमचे, डिस्क ब्रेक, आणि चढाला पाय निकामी होऊ नयेत म्हणून मागच्या चाकाला मोठी कॅसेट, म्हणजे गियरच्या दातेरी चकत्यांचा संच, बास. ही घेऊन डांबर सोडायचं आणि मुरमाच्या, मातीच्या, रानातल्या रस्त्याला लागायचं. आता असले रस्ते आपल्या करवीर-पन्हाळा तालुक्यात पैशाला पासरी आहेत. पण तिथं जाऊन एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की तिथली शांतता आपोआप आलेली नाही, तिथल्या प्रत्येक रस्त्याला काहीतरी काम आहे, कोण तरी त्यावर खडी-माती टाकतंय आणि कोण तरी ठरवलंय की इथनं गाड्या जाणार नाहीत. हे एकदा दिसायला लागलं की नुसते फोटो काढत फिरणं होत नाही, प्रत्येक वळणावर हा रस्ता इथं कशाला काढला असेल हाच विचार चालू.

तर चुलतभाऊ बार्सिलोनात नोकरीला आहे, त्याच्याकडं नोव्हेंबरात गेलेलो. बार्सिलोनातनं गिरोना फास्ट ट्रेननं चाळीसेक मिनिटं. गाव छोटं, मधनं ओन्यार नदी, नदीला चिकटून रंगीबेरंगी घरं, आणि रस्त्यावर बघावं तिकडं सायकलवाले, कारण युरोपातल्या मोठ्या टीममधले लई प्रोफेशनल रायडर तिथं घर करून राहतात. सकाळी कॉफीच्या दुकानासमोर भिंतीला टेकवलेल्या सायकलींची किंमत काढली तर आपल्याकडं गुंठ्यांत हिशोब करावा लागेल. पण त्यातले बरेचसे डांबरावर जाणारे. आम्ही भाड्यानं ग्रॅव्हल बाईक घेतली, दुकानातल्या पोरानं माझं वजन विचारलं आणि टायरमधली हवा सोडायला लागला. 30 पीएसआयच्या जरा वर आणून थांबला. मी आयुष्यभर टायर दगडासारखा टणक करून फिरलेला माणूस, मला वाटलं आता हे कसं पळणार, पण कच्च्या रस्त्यावर लागल्यावर पहिल्या किलोमीटरातच कळलं की कमी हवेचा टायर खड्यावरनं उड्या मारत नाही, खडा पोटात घेतो आणि पुढं जातो. ट्यूबलेस असल्यामुळं ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची भीतीही नाही.

गिरोनाच्या पूर्वेला, शहर आणि समुद्राच्या मधी, गावारेस नावाच्या डोंगरांचा पट्टा आहे. उंची काय नाही, सगळ्यात उंच जागा 530 मीटरच्या आसपास. पण सुरुवात 70 मीटरवरनं होते हे विसरायचं नाही. वर एल्स आंजेल्स म्हणून एक जुनं देवस्थान आहे, 485 मीटरवर, म्हणजे कोल्हापुरातनं पन्हाळ्याला जाताना आपण जेवढं चढतो जवळपास तेवढंच. साल्वादोर दाली, तो वाकड्या मिशांचा चित्रकार, त्यानं 1958 साली आपली बायको गाला हिच्याशी चर्चमधलं लग्न इथंच लावलं. आमच्या जोतिबाला नवस फेडायला जातात तशी गर्दी मात्र नव्हती, दोन म्हातारे बाकावर बसलेले आणि एक मांजर.

वर जायला डांबरी रस्ता आहे, पण आम्ही मागच्या बाजूनं रानातनं गेलो. आणि हे रान म्हणजे बुचाच्या झाडांचं. बाटलीचं बूच ज्या सालीपासनं करतात तो ओक. साल उन्हाळ्यात सोलतात, आणि एकदा सोलली की परत जाड साल यायला तिकडं बारा-चौदा वर्षं जातात. झाड मरत नाही, नुसतं खालनं लालसर तपकिरी उघडं दिसतं आणि वर फांद्यांना जुनी भेगाळलेली साल तशीच. ही साल रानातनं बाहेर काढायची म्हणजे गाडी आत जायला पाहिजे, म्हणून रस्ते. पालाफ्रुजेल नावाच्या गावात तर बुचाचं म्यूझियमच आहे, एवढा त्या भागाचा हा धंदा. म्हणजे मी ज्याला ट्रेल ट्रेल म्हणत होतो तो मुळात माल वाहायचा रस्ता.

दुसरं कारण आग. भूमध्य समुद्राच्या बाजूचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, आपल्या उलट. आपल्याकडं जून-जुलैला सगळं हिरवंगार आणि चिखल, तिकडं त्याच महिन्यांत रान पेटायची भीती, म्हणून अग्निशामक गाड्यांना आत घुसता यावं असे रस्ते राखलेले असतात, आणि धोका फार वाढला की लोकांना रानात जायलाच बंदी. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे आधी बघून जावं, ऊन तर असतंयच वर.

आणि गाड्या का नाहीत? कातालुन्यात, म्हणजे गिरोना-बार्सिलोना ज्या प्रांतात येतात तिथं, 1995 पासनं कायदाच आहे, रानात मोटारगाड्या कुठं चालतील कुठं नाही याचा. ठिकठिकाणी रस्त्याला आडवी साखळी लावलेली. आपण सायकल उचलायची, बाजूनं जायचं. पहिल्यांदा मला वाटलं कुणाची खाजगी जागा आहे, शिव्या खाणार आता, पण चुलतभाऊ म्हणाला साखळी गाडीसाठी आहे, आपल्यासाठी नाही. त्या साखळीच्या पलीकडं गेलं की तासतासभर माणूस दिसत नाही.

अगदीच दिसत नाही असं नाही, नोव्हेंबर असल्यामुळं अळंबी गोळा करणारे दिसले. वेताची टोपली घेऊन, वाकून, पाचोळा काठीनं बाजूला करत. आपल्याकडं पावसाळ्यात अळंबी कुठं उगवतात ती जागा कोण सांगत नाही, तिथंही तेच, आम्हाला बघून एक आजोबा मुद्दाम दुसऱ्या दिशेला चालायला लागले. आणि दुसरे म्हणजे शिकारी. रानडुकरांचा हाका असतो थंडीत, रस्त्याच्या तोंडाला बोर्ड ठेवतात, चमकणारी जाकिटं घातलेले लोक उभे असतात. बोर्ड दिसला की गुमान मागं फिरायचं, तिथं शूरपणा नको.

रस्त्याचा पोत काय सांगू, मला तर तो फारच आवडला. ग्रॅनाइट कुजून झालेली जाडसर वाळू असते, साउलो म्हणतात, दिसायला अगदी आपल्या मुरमासारखी, फक्त रंग पिवळट. रात्री पाऊस झालेला, सकाळी दहाला निघालो तर पाणी सगळं जिरलेलं आणि टायरला माती चिकटायचं नाव नाही. मात्र चढावर ती मागच्या चाकाखालनं सरकते. उभं राहून पेडल मारलं की चाक जाग्यावर फिरलं म्हणून समजा. बुड सीटवर ठेवायचं, जरा पुढं सरकायचं, हलका गियर आणि एकसारखं फिरवत राहायचं. उताराला ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. हे सगळं वाचून माहीत असतंय पण हाताला समजायला दोन-चार वळणं जावी लागतात.

एक दिवस ओलोतचा. गिरोना ते ओलोत अशी छोटी रेल्वे होती, दोन रुळांत 750 एमएम अंतर असलेली, 1911 साली ओलोतला पोचली आणि 1969 ला बंद पडली. आता त्याच मार्गावर सुमारे 55 किलोमीटरचा सायकलचा रस्ता, जुनी स्टेशनं तशीच उभी, काही ठिकाणी खानावळ. स्पेनमध्ये 1993 पासनं असे बंद रेल्वेमार्ग सायकलवाल्यांसाठी करत आलेत, 3,000 किलोमीटरच्या वर झालेत. रेल्वेचा मार्ग म्हणजे चढ एकदम गरीब, लहान पोरं आणि आज्ज्यासुद्धा चालवत होत्या. (आमची कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे अजून सुरूच व्हायची आहे, त्यामुळं ती बंद पडून सायकल ट्रॅक व्हायला आपल्याला बराच वेळ आहे.) ओलोत आलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं कारण दगड काळा! ज्वालामुखीचा भाग आहे तो, चाळीसेक जुनी ज्वालामुखींची तोंडं, त्यातला एक तर अकरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागा होता. सह्याद्रीच्या साडेसहा कोटी वर्षांसमोर म्हणजे परवाचंच. टोमॅटो चोळलेला पाव आणि सॉसेज खाल्लं. पाव ठीक. मटणाचा रस्सा पाहिजे होता, असो.

आता कोल्हापूरचं. मामा म्हणतो तशा पाणंदी आहेत, कॅनॉलच्या कडेचे रस्ते आहेत, पण पाणंदीतली काळी माती पावसाळ्यात टायर आणि फ्रेमच्या मधी अशी बसते की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं, म्हणून दिवाळीपर्यंत तिकडं फिरकू नये. नंतर ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात आणि दोन डबे लावलेला ट्रॅक्टर समोरनं आला तर आपणच उसात शिरायचं, रस्ता त्याच्या कामाचा आहे, आपण हौशी. मला त्या मानानं मसाई पठार जास्त जमतं. पन्हाळ्याच्या पुढं गेलं की वर सपाट जांभा, गाड्या कमी, आणि शिवाजी महाराज 1660 ला विशाळगडाकडं गेले ती वाट इथनंच जाते, त्यामुळं पावसाळ्यात ट्रेकवाल्यांची जत्रा असते पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी तुम्ही आणि गुरं. जांभा टायरला मात्र वाईट, कडा धारदार, आणि खाली उतरलं की बाभळीचा काटा. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे बारीक भोक आतनं बुजवणारं द्रव, आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला जाणार असाल तर पहाटे आणि संध्याकाळी नको, गवा वळणावर उभा असतो आणि त्याला बेल वाजवून फरक पडत नाही.

साखळीची आयडिया मात्र मला आपल्याकडं हवी आहे. पठारावर जीपा चढवून गोल गोल फिरवणारे बघितले की फार वाटतं. पण साखळी लावली तर गावातला दुधाचा टेम्पो कसा जाणार हाही प्रश्न आहे, आणि तो कुलपाची किल्ली कुणाकडं यावर सुटणार, जे आपल्या गावात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

डिसेंबरात एखाद्या रविवारी मसाईला जायचं म्हणतोय. ग्रॅव्हल बाईकच पाहिजे असं काय नाही, हायब्रिड सायकलला जाड टायर बसत असेल तर चालतंय. हवा घरातनंच कमी करून या, आणि एक जादा ट्यूब प्रत्येकानं आपापली आणा, मागच्या वेळी सगळ्यांनी माझीच मागितली.