फुटक्या बाजूनंच फोटो काढा

मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. इंग्रज ती विलायतेला नेणार होते, म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईनं प्रतिष्ठापना उरकली, असं आमच्या तालुक्यात जो तो सांगतो. खरी भीती आता आहे. आमच्याकडं विहीर खोदा नाहीतर शेततळ्याला जेसीबी लावा, एखादी कोरीव शिळा निघते. मग ती लिंबाखाली टेकवतात, शेंदूर फासतात, झालं. तिची नोंद कुठंच नसते.

कायदा आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. लपवलं तर आपला वाटा सरकारजमा, वर वर्षापर्यंत कैद. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती पुरातत्त्व खात्याकडं नोंदवावी लागते, विकायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं तुरुंग. कोट्यवधींच्या मालाला तीन वर्षं! तस्कर हसत असतील.

पण खटल्यात शेवटी प्रश्न एकच येतो: ही मूर्ती तुमचीच कशावरून? तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातून चोरलेला नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं पन्नास लाख डॉलरला घेतला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडं त्याचे देवळातले जुने फोटो होते, ते जुळले. २०१४ मध्ये नटराज परत आला. आमच्या लिंबाखालच्या देवाचा फोटो कोणाकडं आहे?

म्हणून सुट्टीच्या दिवशी शाळेतली पोरं घेऊन निघतो. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी शिंप्याची टेप. शेंदराच्या थराखाली नाकडोळे दिसतच नाहीत, तो वेगळाच ताप. परवा गुरवकाका म्हणाले, "मास्तर, फुटक्या बाजूनं काहाले फोटू काढू रायले? थांबा, हार घालतो."

मी म्हटलं, "काका, हार नको. अशा चार हातांच्या विष्णूच्या मूर्ती गावोगाव आहेत. पण कोपरापासून असाच तिरपा तुटलेला हात आपल्याच देवाचा. उद्या कोर्टात तोच कामी येईल."

काकांना पटलं, पण अट घातली: हारासकट एक फोटो वेगळा काढून द्यायचा. तो सध्या त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला आहे.